राज्य सुवर्ण हातात आहे, प्रो करार समोर आहे: सही करावी का?

इतर वाचणाऱ्यांसाठी आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातला २२ वर्षांचा बॉक्सर, ६० किलो गट. राज्य स्पर्धेत सुवर्ण. राष्ट्रीयला दोनदा गेला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या फेरीत हरला. एरवी वडिलांच्या बोटीवर काम. आता मुंबईच्या एका प्रमोटरने, म्हणजे लढती भरवणाऱ्याने, तीन वर्षांचा करार पुढे केलाय, पहिली लढत चार राउंडची. तो विचारतो: मी प्रो, म्हणजे व्यावसायिक बॉक्सिंगसाठी तयार आहे का, आणि एकदा प्रो झालो की अमॅच्युअरचा, म्हणजे हौशी बॉक्सिंगचा, दरवाजा कायमचा बंद होतो का?

दोन्हींची उत्तरं देतो. पण तुझ्या लिहिण्यात आणखी एक गोष्ट दिसते आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. दोनदा राष्ट्रीयला हरलास, पुढची संधी वर्षभर लांब, घरी बोटीच्या हप्त्याची चर्चा. अशा वेळी आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तुझ्या मुठींचे पैसे देतो म्हणाला. तिकडे मन ओढलं जाणारच, त्यात काही चूक नाही. पण चार राउंड उभं राहण्याची तयारी राज्य विजेत्याकडे बहुतेक असतेच. पुढची तीन वर्षं कोणाच्या खर्चाने काढायची, तुझे प्रतिस्पर्धी कोण निवडणार, आणि राज्य सुवर्णाचा जो उपयोग अजून झालाच नाही त्याचं काय करायचं, हे आधी बघायला हवं.

मी तुला रिंगमध्ये पाहिलेलं नाही, कराराचा कागदही पाहिलेला नाही. घरावर कर्ज किती, धाकटी भावंडं शिकतायत का, यावरही उत्तर बदलेल. आमच्या जिल्ह्यात मुलं घडवताना मला जे दिसलं त्यावरून लिहितोय. तुझ्या परिस्थितीला लावून घे.

आधी दरवाजाचं सांगतो. तो पूर्ण बंद होत नाही. २०१६मध्ये तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रो खेळाडूंना ऑलिंपिकची वाट मोकळी केली. आपला विकास कृष्णन २०१८मध्ये अमेरिकेतल्या टॉप रँक या प्रमोटर कंपनीशी करार करून प्रो झाला, दोन लढती जिंकला, मग परत येऊन टोकियो ऑलिंपिकला खेळला. म्हणजे वाट आहे. पण विकास आशियाई सुवर्णपदक विजेता होता, त्याला परत घ्यायला सगळे उत्सुक होते. राज्य पातळीच्या मुलासाठी कोणी अशी धावपळ करत नाही. परतायचं तर संघटनेची परवानगी लागेल, निवड चाचणी पहिल्यापासून द्यावी लागेल, आणि तोवर तुझ्या जागी दुसरा मुलगा बसलेला असेल. दरवाजा उघडा असला तरी तुझ्यासाठी तो जड आहे, असं धर.

आता खेळाकडे येतो. बाहेरच्यांना प्रो म्हणजे अमॅच्युअरच्या वरची इयत्ता वाटते. २०१६च्या रिओ ऑलिंपिकला तीन प्रो उतरले आणि एकालाही पदक मिळालं नाही. मिडलवेटचा माजी जगज्जेता हसन एन्डाम पहिल्याच लढतीत बाहेर. थायलंडचा अमनात रुएनरोएंग, फ्लायवेटचा माजी जगज्जेता, तुझ्याच ६० किलोत खेळला आणि दुसऱ्या लढतीत हरला. ही माणसं कच्ची नव्हती. बारा राउंडच्या हिशेबाने घडलेलं शरीर तीन राउंडच्या घाईत बसलं नाही, असं मी त्याकडे बघतो. उलट्या दिशेनेही हेच होतं.

अमॅच्युअरमध्ये तीन मिनिटांचे तीन राउंड. स्पर्धेत दर एक-दोन दिवसांनी नवा, बहुतेक वेळा अनोळखी प्रतिस्पर्धी. पहिल्या मिनिटात आघाडी घेतली नाही तर राउंड गेला. १९९२ ते २०१२ या काळात ऑलिंपिकला जज बटण दाबून ठोसे मोजायचे. त्या पद्धतीत वाढलेल्या कोचांनी आमच्या पिढीला हलका, स्वच्छ, दिसणारा ठोसा शिकवला. २०१३पासून दहा गुणांची (राउंड जिंकणाऱ्याला दहा गुण) पद्धत आली, तरी 'टच करून बाहेर ये' ही सवय महाराष्ट्रातल्या क्लबांतून पुरती गेलेली नाही. तूही बहुतेक तसाच शिकला असशील.

प्रोमध्ये सुरुवात चार राउंडने होते, मग सहा, आठ, दहा. जागतिक किताबाची लढत बाराची. तुझ्या वजनाला अमॅच्युअरमध्ये दहा औंसाचे ग्लोव्ह्ज असतात, प्रोमध्ये आठ. हाताला साध्या बँडेजऐवजी गॉझ आणि टेप. अंगात बनियन नाही, त्यामुळे बरगडीवर आणि यकृतावर बसलेला ठोसा सगळ्यांना दिसतो आणि जजही त्याला मान देतात. दोन औंसांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पॅड धरणाऱ्या माझ्या हाताला तो पहिल्याच राउंडला कळतो. अमॅच्युअरमध्ये कोपऱ्यात सापडलास तर दोन्ही हात गालाला लावून वेळ काढता येते. लहान ग्लोव्ह त्याच गार्डच्या फटीतून आत शिरतो.

म्हणून प्रोला जाऊ पाहणाऱ्या मुलाची मी एक चाचणी घेतो. सहा राउंडचं स्पॅरिंग (सरावाची लढत), दर दोन राउंडनी समोर ताजा माणूस. पहिले चार राउंड मी फारसे बघत नाही. सहाव्यात तीन गोष्टी बघतो. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारल्यावर हात गालापर्यंत परत येतो की छातीपाशीच थांबतो. मागे सरकताना पाय एकमेकांना ओलांडतात का. आणि कोपऱ्यात बसल्यावर मी सांगितलेलं वाक्य तो परत म्हणून दाखवू शकतो का. तिसरी गोष्ट मी सर्वांत मोठी मानतो. दमलेला मुलगा मान डोलावतो, पण त्याला ऐकू गेलेलं नसतं. अशा मुलाला मी प्रोसाठी कधीच हो म्हणत नाही, मग त्याच्या कपाटात कितीही पदकं असोत.

बोटीवरच्या मुलांबद्दल माझं एक निरीक्षण आहे, ते तुला उपयोगी पडेल. जाळं ओढून ओढून पाठ आणि खांद्याचा मागचा भाग तयार झालेला असतो. त्यामुळे ठोसा मारल्यावर तुमचा हात झटकन परत येतो, आणि ते शहरातल्या मुलांना शिकवताना नाकी नऊ येतात. पण हलत्या बोटीवर तोल सांभाळायची सवय पायांत बसते: पाय फाकलेले, भार टाचेवर. रिंगमध्ये असा उभा राहिलास की हुकमागे (बाजूने वळवून मारलेल्या ठोशामागे) कंबर वळत नाही, सगळा ठोसा हातानेच जातो. तीन राउंडांत वेगामुळे ते झाकलं जातं. पाचव्या-सहाव्यात नुसत्या हाताच्या ठोशाला काही वजन उरत नाही. भाट्याच्या वाळूत पळतोस हे चांगलं, पण ओल्या घट्ट वाळूत पळ आणि आठवड्यातून दोन दिवस दोरी मार, टाच न टेकवता. बॅग वाळूने भरलेली असेल तर रिकामी कर. वाळू तळाशी बसून दगड होते आणि मनगट जातं. जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठासून भर. आणि पावसाळ्यात ग्लोव्ह्ज पिशवीत कोंबून ठेवू नकोस. आतून बुरशी धरली की बोटांना खाज, मग जखम, आणि ऐन लढतीच्या आठवड्यात डॉक्टर थांबवतो.

वजनाचं जरा सविस्तर, कारण इथे जिवाशी गाठ असते. अमॅच्युअरमध्ये लढतीच्या दिवशीच सकाळी वजन होतं, त्यामुळे फार उतरवता येत नाही. प्रोमध्ये साधारण आदल्या दिवशी होतं. मध्ये रात्र मिळते म्हणून मुलं पाच-सहा किलो पाण्याने उतरवायला बघतात. तू ६० किलोचा. प्रोमध्ये तुझ्या आसपास दोन गट येतात: सुपर फेदरवेट ५८.९७ किलो आणि लाइटवेट ६१.२३ किलो. सुरुवात लाइटवेटला कर. मनदीप जांगडा २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ६९ किलोत रौप्य मिळवून गेला आणि प्रोमध्ये पुढे सुपर फेदरवेटला लढला, हे खरं. पण इतकं खाली येणं अनुभवी मार्गदर्शन आणि भरपूर वेळ असेल तरच करायचं असतं. आपल्या हवेत घाम सुकत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. मे महिन्यात प्लॅस्टिकचा सूट घालून मांडवीवर पळणारी मुलं मी पाहिली आहेत आणि प्रत्येकाला थांबवलंय. पाण्याबरोबर मीठही जातं. एका रात्रीत काटा भरून येतो, पण अंगातलं पाणी आणि मिठाचा समतोल तेवढ्या वेळात पुरता सावरत नाही, आणि अशा सुकलेल्या अवस्थेत डोक्याला मार खाणं धोक्याचं. भात सोडू नकोस, बांगडा-तारली तर अजिबात सोडू नकोस. वजन महिनाभर आधीपासून थोडं थोडं उतरव. शेवटच्या दोन दिवसांत दीड किलोहून जास्त उरलं असेल तर तो गट तुझा नाही.

आता करार. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या मुलांचं नुकसान ठोशांपेक्षा कागदाने जास्त झालेलं मी पाहिलंय.

प्रो कार्यक्रमात दोन कोपरे असतात. एका कोपऱ्यात प्रमोटरने ज्याच्यावर पैसा लावलाय तो मुलगा, दुसऱ्यात त्याच्यासमोर उभं राहायला आणलेला. विजेंदर सिंग बीजिंगच्या कांस्यपदकानंतर २०१५मध्ये क्वीन्सबेरी प्रमोशन्सकडून प्रो झाला. निशांत देव जागतिक कांस्य आणि पॅरिसची उपांत्यपूर्व फेरी गाठून मग मॅचरूम या प्रमोटर कंपनीकडे गेला आणि जानेवारी २०२५मध्ये लास वेगासला पहिली लढत जिंकला. हे दोघे पहिल्या कोपऱ्यात बसले, कारण प्रमोटरला त्यांच्या नावात किंमत दिसत होती. राज्य सुवर्णावर ती किंमत अजून लागत नाही. तुला बोलावणाऱ्याच्या मनात तू कुठल्या कोपऱ्यात आहेस, हे सही करण्याआधी शोधायचं. त्याला सरळ विचार: पहिले तीन प्रतिस्पर्धी कोण? त्यांची नावं बॉक्सरेक या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर टाक. तुझ्यासारखेच नवखे किंवा हरत आलेले असतील तर तो तुला घडवू पाहतोय. त्याच प्रमोटरचा एखादा अपराजित मुलगा पहिल्या तीनात असेल तर तुझा पराभव त्याच्या विक्रमात जमा व्हावा म्हणून तुला बोलावलंय.

मग मुदत. तीन वर्षं, आणि त्या काळात दुसऱ्या कोणाकडे लढायचं नाही, असं बहुतेक लिहिलेलं असेल. त्याबदल्यात वर्षाला किमान किती लढती देणार हे लिहिलंय का? नसेल तर तो तुला तीन वर्षं बसवून ठेवू शकतो. न लढणं प्रो बॉक्सरला फार महाग पडतं. विजेंदर नोव्हेंबर २०१९मध्ये दुबईला जिंकला, मग कोविडमुळे खंड पडला. पुढची लढत १९ मार्च २०२१ला आपल्याच किनाऱ्यावर, पणजीत कॅसिनोच्या जहाजावर झाली. तिथे रशियाच्या आर्तिश लोपसानने पाचव्या राउंडला त्याला हरवलं. तो त्याचा प्रोमधला पहिला पराभव. वयही पस्तीस होतं, तेवढं एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण सोळा महिन्यांच्या खंडानंतर अंतराचा अंदाज जातो हे मी क्लबातही दरवर्षी बघतो. शिमग्याला महिनाभर गावी गेलेला मुलगा परत येतो तेव्हा त्याचे ठोसे चार बोटं आखूड पडतात.

वर्षाला किमान चार लढती लिहून घे. त्या मिळाल्या नाहीत तर करार आपोआप संपेल हे वाक्यही घाल. प्रवास, राहणं, वैद्यकीय तपासण्या आणि दुखापतीचा खर्च कोणाचा, हे स्वतंत्र लिहिलेलं हवं. मानधन मिळालं की त्यातून ट्रेनरला दहा टक्के जातात हा सगळीकडचा प्रघात आहे. मॅनेजरचा वाटा वेगळा. समजा ३०,००० रुपये ठरले. ट्रेनरचे ३,०००, मॅनेजरने पंचवीस टक्के घेतले तर ७,५००. उरले १९,५००. त्यातून दोन महिन्यांचा खुराक, रत्नागिरी-मुंबई गाडीच्या फेऱ्या, मुंबईत स्पॅरिंगसाठी राहणं. हातात काय उरतं ते तूच मांड. अनेक ठिकाणी नवख्याला मानधनाऐवजी तिकिटं विकायला देतात, तेही आधी विचारून घे.

आणि प्रमोटर व मॅनेजर एकच माणूस नको. मॅनेजरने तुझ्यासाठी जास्त पैसे मागायचे असतात, प्रमोटरला कमी द्यायचे असतात. दोन्ही कामं एकाकडे गेली की तुझ्या बाजूने बोलणारं कोणी राहत नाही. अमेरिकेत मुहम्मद अलींच्या नावाचा कायदा २०००मध्ये आला, त्यात हे दोन धंदे वेगळे ठेवायला लावले आहेत. आपल्याकडे बॉक्सिंगसाठी तसा कायदा नाही, म्हणून ही खबरदारी तुझी तुलाच घ्यायची आहे. कागद रत्नागिरीतल्या कुठल्याही दिवाणी वकिलाला दाखव. एका दिवसाची फी जाईल, जाऊ दे. प्रमोटर इंडियन बॉक्सिंग कौन्सिल या प्रो बॉक्सिंगच्या संस्थेचे परवाने घेऊन कार्यक्रम करतो का, हेही वकिलाकरवी विचार.

पट्ट्यांबद्दल, म्हणजे किताबांबद्दल, फार लिहीत नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटनांचे किताब मोठे मानले जातात. त्याखाली बऱ्याच संघटना आहेत. "दोन वर्षांत वर्ल्ड टायटल" असं कोणी म्हणालं तर कुठल्या संघटनेचं, एवढं विचार.

तब्येतीचं मात्र टाळता येणार नाही. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी, डोळ्यांचा पडदा आणि मेंदूचा एमआरआय, एवढ्या तपासण्या तू स्वतः आग्रहाने करून घे, प्रमोटर मागो न मागो. अमॅच्युअरमध्ये डोक्याच्या माराने नॉकआउट झाल्यावर किमान ३० दिवस खेळू देत नाहीत, आणि तिथे पदाधिकारी नोंद ठेवतात. प्रोमध्ये दुसऱ्या राज्यात जाऊन पंधरा दिवसांत उभं राहणारी मुलं आहेत. १९८२मध्ये लास वेगासला किताबाच्या लढतीत चौदाव्या राउंडला कोसळलेला दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चार दिवसांनी गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने किताबाच्या लढती पंधरावरून बारा राउंडवर आणल्या. नियम असे कोणाच्या तरी जिवावर आलेले आहेत, म्हणून त्यांना फाटा देणाऱ्या माणसाबरोबर तू जाऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

इथपर्यंतचा सारांश असा: खेळ वेगळा आहे आणि तो शिकायला वेळ लागेल. पहिली एक-दोन वर्षं त्यात पोट भरणार नाही. आणि समोरचा माणूस तुला कुठल्या कोपऱ्यात बसवतोय ते अजून माहीत नाही.

आता तुझ्या हातात काय आहे ते बघ. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ते मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांतल्या पदकांवर मिळतं. प्रो लढती कितीही जिंकलास तरी तिथे उपयोग नाही. कुठल्या पदकाला नोकरीचा कुठला गट, हे शासन निर्णयात दिलेलं आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन तुझ्या प्रमाणपत्रावर काय लागू होतं ते विचार, आणि विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी आत्ताच करून घे. जाहिरात निघाल्यावर धावणारी मुलं तारीख चुकवतात. आमच्या क्लबातला एक मुलगा राज्य पदकावर पोलिसात लागला. आता पगार घरी जातो आणि तो पोलीस संघाकडून राष्ट्रीय पातळीवर खेळतो. कोणी डोकं खात नाही, खुराकाची चिंता नाही. तुझ्याइतक्याच गुणांचा होता तो.

मला विचारशील तर या कराराला आत्ता सही करू नकोस. तू २२चा आहेस, घाई नाही. विजेंदर प्रो झाला तेव्हा तीस वर्षांचा होत आला होता. राष्ट्रीय पदकासाठी अजून दोन हंगाम दे. २०२५पासून वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वजनगटांत ६०च्या पुढे थेट ६५ आहे, त्यामुळे तुझा गट गर्दीचा राहणार, हे मान्य. म्हणून तयारी बदल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. हे दोन महिने घरी जाळी विणण्यात घालवू नकोस. पुणे, मुंबई किंवा कोल्हापुरात जिथे तुझ्या वजनाची चार-पाच चांगली मुलं असतील तिथे जाऊन राहा आणि रोज स्पॅरिंग कर. राष्ट्रीयला तू दुसऱ्या फेरीत अडकतोस याचं एक कारण मला स्पष्ट दिसतं: इथे वर्षभर तुला तुझ्यापेक्षा सरस कोणी मारतच नाही. क्लबातल्या कनिष्ठ मुलांना हरवून राष्ट्रीयची तयारी होत नाही.

एका परिस्थितीत मी वेगळं सांगेन. घरचं कर्ज थकलेलं असेल, नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास तुझ्याकडून होणारच नसेल आणि राष्ट्रीयसाठी जीव ओतायची इच्छा खरंच संपली असेल, तर प्रो हा प्रामाणिक रस्ता आहे. मग जा, पण बोट सोडून नव्हे. पहिली दोन वर्षं हंगामात काम आणि बंदीच्या काळात व मधल्या सुट्ट्यांत लढती, असं बसवता येतं. वडिलांशी हे आधी बोल, कारण लढतीच्या आधीचे सहा आठवडे तू बोटीवर नसशील आणि तुझ्या जागी खलाशी लावावा लागेल. तो खर्चही वरच्या हिशेबात धर.

प्रमोटरला नाही म्हणून संबंध तोडायचीही गरज नाही. त्याला कळव की तीन वर्षांऐवजी फक्त एका लढतीचा करार चालेल, चार राउंड, ६१.२३ किलो, प्रतिस्पर्ध्याचं नाव सहा आठवडे आधी. मात्र ती एक लढतही प्रोचीच धरली जाईल. ती खेळलास तर अमॅच्युअर नोंदणीचं काय होतं, हे राज्य संघटनेकडून लेखी विचारून घे, आणि ते उत्तर हातात येईपर्यंत त्यालाही तारीख देऊ नकोस. तो एका लढतीला तयार झाला तर प्रतिस्पर्ध्याचं नाव इथेच लिही. त्याच्या लढतींचे व्हिडिओ बघून तुला काय जड जाईल ते मी सांगतो.